खेंकड्याची साक्ष

नदीच्या पाण्यांत काल रात्रीं काय वाहून गेलें, हें आज सकाळीं कोणाला विचारावें? पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेंत नेली, तर ती भरली त्या घटकेपुरतें खरें सांगते. रात्रीं बारा वाजतां कोणी सांडपाण्याची झडप उघडली आणि तीन वाजतां मिटली, तर सकाळच्या बाटलींत त्याची खूण राहीलच असें नाहीं. ती रात्र ज्यानें नदींतच काढली, असा साक्षीदार हवा. मासा पळून जातो, शेवाळ वाहून जातें. पण दगडाखालच्या बिळांत बसलेला खेंकडा आपलें घर सोडून फार दूर जात नाहीं. त्याच्या शरीरांतील प्रथिनें मोजून पाण्यांतील जड धातूंचा माग काढण्याची जी विद्या गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे. ह्या हकीकतींतला एक प्रवेश आमच्याच शहरांत घडलेला आहे. आणि त्याचा संबंध आपण रोज पितों त्या पाण्याशीं पोंचतो.

प्रथम साक्षीदाराची ओळख करून घेऊं. दख्खनच्या खेंकड्याची शास्त्रीय दप्तरांत पहिली नोंद केली ती एका लष्करी अधिकाऱ्यानें. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना मुंबई सरकारनें १८२४ मध्यें दख्खनची खानेसुमारी, पिकें, हवामान आणि एकंदर साधनसंपत्ति यांची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें होतें. ह्या कामांत हिंडतांना त्यांनीं पक्ष्यांची, माशांची टिपणें केलीं, तसेच पठारावरच्या बिळांत राहणारे खेंकडेहि गोळा केले. १८३६ सालीं लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या ग्रंथांत त्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें, आणि वेस्टवुड नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें ह्या खेंकड्याला जें नांव दिलें त्यांतलें ‘क्युनिक्युलॅरिस’ हें पद ‘बिळांत राहणारा’ अशा अर्थाचें आहे. पुढें कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे आल्कॉक यांनीं हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या खेंकड्यांची मोठी सूची तयार केली, तेव्हां त्याला ‘बॅरिटेल्फ्यूसा’ ह्या कुळांत बसविलें. त्याचाच एक भाऊबंद ‘बॅरिटेल्फ्यूसा गुएरिनी’ ह्या नांवानें ओळखला जातो. आपल्या शेतकऱ्याला हीं नांवें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्याला एवढें ठाऊक असतें कीं, हा प्राणी बांध पोखरतो, पहिल्या पावसांत बाहेर पडतो, आणि त्याचा रस्सा चांगला होतो.

ह्या प्राण्याच्या शरीररचनेंतील तीन गोष्टी आपल्या विषयाला लागू आहेत. पहिली म्हणजे त्याचे कल्ले. सारें पाणी त्यांवरून वाहतें, म्हणून पाण्यांतील विषाचा पहिला आघात त्यांवरच होतो. दुसरी म्हणजे पाठीच्या कवचाखालची पिंवळसर मऊ ग्रंथि. आपल्या यकृताचें आणि अग्निपिंडाचें काम ही एकटी करते, म्हणून तिला यकृताग्निपिंड म्हणतात. शरीरांत शिरलेला धातु बव्हंशीं येथें येऊन सांठतो. (रस्सा खाणारांपैकीं कित्येकांना हाच भाग विशेष रुचतो, हें जातां जातां सांगून ठेवतों.) तिसरी गोष्ट रक्ताची. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहण्यासाठीं लोह असतें. खेंकड्याच्या रक्तांत तें काम तांबें करतें, आणि म्हणून प्राणवायु मिळाल्यावर त्याचें रक्त निळसर दिसतें. १८७८ सालीं बेल्जियमचे शरीरशास्त्रज्ञ लिऑन फ्रेडरिक यांनीं अष्टपाद प्राण्याच्या रक्तांतील ह्या निळ्या प्रथिनाला ‘हेमोसायनिन’ असें नांव दिलें. तेव्हां तांबें हें खेंकड्याचें विषहि आहे आणि अन्नहि आहे. हा पेंच ध्यानांत ठेवावा. पुढें तो पुन्हा आडवा येणार आहे.

प्राण्यांना पाण्याचे साक्षीदार करण्याची कल्पना तशी नवी नव्हे. जर्मनींत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनीं १९०८-०९ च्या सुमारास नदीच्या घाणीची प्रत तींत राहणाऱ्या वनस्पति व प्राणी यांवरून ठरविण्याची पद्धति बसविली. परंतु तो विचार कुजणाऱ्या घाणीपुरता होता. कुजणारी घाण कांहीं कोस वाहत गेली कीं नदी ती पचविते. जड धातूंचें तसें नाहीं. पारा, शिसें, कॅडमियम हीं मूलद्रव्यें आहेत. तीं कुजत नाहींत, जळत नाहींत. गाळांतून प्राण्यांत, प्राण्यांतून माणसांत आणि पुन्हा गाळांत असा त्यांचा फेरा चालूच राहतो.

हें जगाला कळलें तें जपानांत, आणि फार मोठें मोल देऊन. मिनामाता येथें १९५६ च्या मे महिन्यांत एका अज्ञात रोगाची सरकारदप्तरीं नोंद झाली. माणसांचे हातपाय कांपूं लागले, दृष्टि अधू झाली, वाचा अडखळूं लागली. तेथील मांजरें तर त्यापूर्वींच वेड्यासारखीं नाचत मरूं लागलीं होतीं. उपसागरांतील मासे आणि शिंपल्या खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत हा रोग होता. एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यांतील पारा त्या मार्गानें घराघरांत पोंचला होता. जिंत्सू नदीच्या कांठीं खाणींतून येणाऱ्या कॅडमियमनें भाताचीं शेतें भरलीं आणि मुख्यतः वयस्क स्त्रियांचीं हाडें खोंकल्याच्या उबळीनेंहि मोडूं लागलीं. ह्या रोगाला जपानी लोकांनीं ‘इताइ-इताइ’ असें नांव दिलें. त्याचा अर्थ ‘दुखतें, दुखतें’ असा आहे. दोन्ही रोगांचें कारण जपान सरकारनें अधिकृतपणें मान्य केलें तें १९६८ सालीं, म्हणजे मिनामाताच्या पहिल्या नोंदीनंतर बारा वर्षांनीं.

ह्यानंतर जगभर पाण्यांतील प्राण्यांच्या मांसांत किती धातु आहे हें मोजण्याचा उद्योग सुरू झाला. १९७५ मध्यें अमेरिकेचे एडवर्ड गोल्डबर्ग यांनीं साऱ्या किनाऱ्यांवरच्या शिंपल्यांतील विषें नियमानें मोजण्याची योजना मांडली. शिंपल्यांच्या बाबतींत हा हिशोब बरा जमतो. खेंकड्यांच्या बाबतींत मात्र एक अडचण निघाली. इंग्लंडांत प्लिमथ येथील ब्रायन यांनीं १९६८ सालीं कवचधारी प्राण्यांतील जस्ताचीं व तांब्याचीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं, त्यांवरून असें दिसलें कीं, हे प्राणी आपल्या गरजेच्या धातूंचें प्रमाण शरीरांत पुष्कळसें कायम राखतात. बाहेर जस्त वाढलें तरी खेंकडा तें बाहेर टाकीत राहतो, आणि अगदीं नाइलाज होईपर्यंत त्याच्या मांसांतील आंकडा फारसा हलत नाहीं. म्हणजे नुसता धातु मोजला तर हा साक्षीदार ‘सर्व ठीक आहे’ असें सांगेल, आणि आंतून मात्र तो झगडत असेल. हा झगडा मोजावयाचा कसा? येथें प्रथिनें पुढें आलीं.

प्रथिनें मोजण्याची विद्या त्या वेळीं हाताशीं तयार होती. स्वीडनमध्यें १८६७ सालीं जन्मलेला ओटो फोलिन पंधराव्या वर्षीं अमेरिकेस गेला आणि पुढें हार्वर्ड विद्यापीठांत जीवरसायनशास्त्राचा आचार्य झाला. १९२७ मध्यें फोलिन आणि सिओकाल्टो यांनीं टंगस्टन व मॉलिब्डेनम ह्या धातूंपासून एक पिंवळा द्राव बनविला. प्रथिनांतील टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन हीं दोन ॲमिनो आम्लें त्यांत मिसळलीं कीं तो निळा होतो. सेंट लुई येथील ऑलिव्हर लौरी आणि त्यांचे तीन सहकारी यांनीं ह्या द्रावाला तांब्याच्या क्षाराची जोड दिली आणि १९५१ सालीं ती कृति प्रसिद्ध केली. शास्त्रीय वाङ्मयांत आजवर सर्वांत अधिक वेळां आधारास घेतला गेलेला निबंध कोणता, याची मोजदाद २०१४ मध्यें झाली, तेव्हां लौरींचा हाच निबंध पहिला निघाला; तीन लक्षांहून अधिक निबंधांनीं त्याचा आधार घेतला होता. सापेक्षतावाद नव्हे, अणूची रचना नव्हे. प्रथिन मोजण्याची एक पाककृति! मला ह्यांत नवल वाटत नाहीं. ज्या विद्येला मोठें यंत्र लागत नाहीं, तीच विद्या गरीब देशांच्या प्रयोगशाळांत पोंचते.

कृति थोडक्यांत अशी आहे. मांसाचा लहानसा तुकडा तोलून घोटावयाचा, आम्ल घालून त्यांतील प्रथिनें सांक्यासारखीं तळाशीं बसवावयाचीं, तीं सौम्य अल्कांत विरघळवून त्यांत तांब्याचा व फोलिनचा द्राव घालावयाचा. अर्ध्या तासांत निळा रंग चढतो. प्रथिन जितकें अधिक तितका रंग गडद. ज्यांतील प्रथिनाचें प्रमाण आधींच ठाऊक आहे अशा द्रावाच्या रंगाशीं तो ताडून पाहिला कीं आंकडा हातीं येतो. धातूंनीं केलेली हानि मोजावयास पुन्हा तांबें, टंगस्टन आणि मॉलिब्डेनम हेच धातु कामीं यावेत, हा काट्यानें काटा काढण्याचाच प्रकार म्हणावयाचा.

आतां आपल्या शहरांतील प्रवेश. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजीं झाली. १९९४ पासून त्याचें नांव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असें आहे. शहराचेंहि नांव २०२३ मध्यें औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या ह्या विद्यापीठांत प्राणिशास्त्र विभागाचे आचार्य आर. नागभूषणम् आणि डॉ. आर. सरोजिनी यांनीं १९७० नंतरच्या वीस वर्षांत कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासाची एक परंपराच निर्माण केली. समुद्र येथून शेकडों मैल दूर. पण ओढ्यांत खेंकडे आहेत, गोदावरींत झिंगे आहेत. त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता ह्या प्राण्यांच्या डोळ्यांच्या देठांत तयार होणारे अंतःस्राव, आणि ते कात टाकण्यावर व प्रजोत्पादनावर कसा अंमल चालवितात हा. अमेरिकेंतील टुलेन विद्यापीठाचे मिल्टन फिंगरमन यांच्यासह नागभूषणम् यांनीं संपादिलेले ग्रंथ ह्या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. ह्याच विभागांत आचार्य यू. एच. माने यांनीं गोड्या पाण्यांतील शिंपल्यांवर काम केलें. प्राण्याचें निरोगी जीवन असें बारकाईनें ठाऊक झाल्यावरच विषानें त्यांत काय बिघडतें हें विचारतां येतें. म्हणून कीटकनाशकें आणि जड धातु यांचे प्रयोग येथें सहज रुजले.

ह्या प्रयोगांचा सांचा देशांतील बहुतेक विद्यापीठांत सारखाच आहे. ओढ्यांतून खेंकडे आणून कांचेच्या टाक्यांत आठवडाभर नव्या पाण्याला सरावूं द्यावयाचे. मग निरनिराळ्या प्रमाणांत तांब्याचा, पाऱ्याचा किंवा कॅडमियमचा क्षार घालून शहाण्णव तासांत निम्मे प्राणी कोणत्या प्रमाणाला मरतात हें काढावयाचें. निम्म्या प्राण्यांच्या मृत्यूवरून विषाची मात्रा ठरविण्याची ही रीत ट्रेव्हन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२७ सालीं औषधांसाठीं सुचविली होती. त्यानंतर त्या मात्रेच्या दहाव्या हिश्शासारख्या सौम्य द्रावांत नवे खेंकडे ठेवून कांहीं दिवसांनीं त्यांचे कल्ले, यकृताग्निपिंड आणि स्नायु यांतील प्रथिनें लौरींच्या रीतीनें मोजावयाचीं, आणि शेजारच्या स्वच्छ टाकींतील खेंकड्यांशीं ताडून पाहावयाचीं.

निष्कर्ष बहुधा एकच येतो: प्रथिनें घटतात. कारणेंहि समजण्याजोगीं आहेत. विषाशीं झगडणाऱ्या प्राण्याला अधिक शक्ति लागते. सांठविलेली साखर संपली कीं तो आपलींच प्रथिनें मोडून जाळूं लागतो. शिवाय पारा आणि कॅडमियम यांची प्रथिनांतील गंधकाशीं मोठी सलगी आहे. ते तेथें जाऊन चिकटले कीं शरीरांतील विकरें आपलें काम विसरतात, आणि नवें प्रथिन बांधण्याचें कामहि मंदावतें. संकटांत घरांतलें धान्य संपल्यावर माणूस घराच्या तुळया जाळूं लागतो, तशी ही अवस्था आहे.

पण येथें मला थोडें परखड बोलावेंसें वाटतें. प्रथिनें घटलीं एवढ्यावरून पाण्यांत धातु आहे असें म्हणणें, म्हणजे माणूस वाळला एवढ्यावरून त्याला अमुकच रोग झाला असें म्हणण्यासारखें आहे. उपासानेंहि प्रथिनें घटतात. कात टाकतांना खेंकड्याच्या शरीरांत मोठी उलथापालथ होते. मादीच्या अंगीं अंडीं वाढूं लागलीं कीं प्रथिनें एका अवयवांतून दुसऱ्यांत जातात. उन्हाळ्यांतला खेंकडा आणि भाद्रपदांतला खेंकडा हे ह्या दृष्टीनें दोन निराळे प्राणी आहेत. टाकींतल्या प्रयोगांत हीं सारीं कारणें दूर ठेवतां येतात. नदींत तीं सर्व एकत्र नांदतात. ह्या विषयावर निबंधांची रास पडली आहे, आणि त्यांतील पुष्कळांत टाकीचा निष्कर्ष उचलून थेट नदीला लावण्याची घाई दिसते. खेंकडा आजारी आहे एवढें एकूण प्रथिनावरून कळतें. आजार कोणाचा, हें कळत नाहीं.

तें सांगणारें प्रथिन निराळें आहे, आणि त्याचा शोध खेंकड्यांत लागलेला नाहीं, तो लागला घोड्यांत. १९५७ सालीं हार्वर्डचे मार्गोशिस आणि व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडांत कॅडमियम बाळगणारें एक प्रथिन सांपडलें. १९६० मध्यें केगी आणि व्हॅली यांनीं त्याला ‘मेटॅलोथायोनीन’ असें नांव दिलें. धातु आणि गंधक ह्या दोहोंचा निर्देश त्या नांवांत आहे. हें प्रथिन अगदीं लहान, पण त्याच्या घडणींत जवळजवळ तिसरा हिस्सा सिस्टीन ह्या गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचा असतो. ह्या गंधकाच्या चिमट्यांनीं तें जस्त, तांबें, कॅडमियम, पारा यांना पकडून ठेवतें, म्हणजे ते इतर प्रथिनांना उपद्रव देऊं शकत नाहींत. पुढें शिंपल्यांत, माशांत, खेंकड्यांत सर्वत्र तें आढळलें. आपल्या कोंकणच्या खाडींतील चिंबोरीच्या जातींतून काढलेल्या ह्या प्रथिनाची संपूर्ण रचना १९८२ मध्यें प्रसिद्ध झाली. सुमारें अठ्ठावन्न ॲमिनो आम्लांच्या सांखळींत अठरा सिस्टीन आहेत.

मौज अशी कीं, शरीरांत धातु शिरला म्हणजे इतर प्रथिनें घटत असतां हें एक प्रथिन वाढतें. चोरी वाढली कीं चौक्या वाढाव्यात, तसेंच हें. आणि दुसरी मौज त्याहून मोठी आहे. लौरींचा निळा रंग मुख्यतः ज्या टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन ह्या आम्लांवर चढतो, त्यांतलें एकहि ह्या प्रथिनांत नसतें! म्हणजे ज्या पद्धतीनें सारें जग प्रथिनें मोजीत होतें, तिच्या हातीं नेमका हाच मुख्य साक्षीदार लागण्यासारखा नव्हता. त्याला पकडण्याची युक्ति वेगळी काढावी लागली. हें प्रथिन उष्णतेला दाद देत नाहीं. म्हणून यकृताग्निपिंडाचा अर्क तापवितात. इतर प्रथिनें अंड्याच्या बलकाभोंवतींच्या पांढऱ्यासारखीं थिजून खालीं बसतात, आणि वर राहिलेल्या निवळींत मेटॅलोथायोनीन उरतें. मग त्यांतील गंधक विद्युत्-रासायनिक किंवा रंगाच्या रीतीनें मोजतात.

ही साक्षहि सर्वस्वीं निर्मळ नाहीं. तांबें हें खेंकड्याच्या रक्ताचें अन्न आहे असें मघां सांगितलें. कात टाकण्याच्या सुमारास निळ्या रक्तप्रथिनाची मोडतोड आणि नवी बांधणी होते, आणि त्या वेळीं सुटणारें तांबें सांभाळण्यासाठीं मेटॅलोथायोनीनचें प्रमाण आपोआप हलतें. पाणी स्वच्छ असलें तरी. तेव्हां खेंकडा कात टाकण्याच्या कोणत्या अवस्थेंत आहे हें पाहिल्यावांचून आंकडा लिहूं नये. एवढी सावधगिरी बाळगली, आणि त्याच प्राण्यांतील धातुहि शेजारीं मोजून ठेवला, तर मात्र ही जोडसाक्ष भक्कम होते.

हें सारें आपल्या दारापर्यंत कसें येतें तें पाहा. शहराच्या पश्चिमेकडून खाम नदी वाहते, पूर्वेकडे सुखना. आम्ही पुंडलिकनगरचे लोक सुखनेच्या बाजूचे. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत १९६० नंतरच्या काळांत उभी राहिली, वाळूजची १९८० नंतर. धातूवर मुलामा देण्याच्या कामांत जस्त, निकेल, क्रोमियम हे धातु लागतातच. त्यांचें धुवण शुद्ध करून सोडलें तर ठीक, न करतां सोडलें तर तें उताराकडे जाणार. खामेचा उतार नाथसागराकडे आहे. जायकवाडीच्या ह्या धरणाची पायाभरणी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें १९६५ मध्यें झाली, आणि १९७६ मध्यें तें राष्ट्राला अर्पण झालें. शहराचें पिण्याचें पाणी मुख्यतः तेथूनच येतें. म्हणजे शहर ज्या नदींत हात धुतें, ती ज्या जलाशयाला मिळते त्यांतूनच तें आपली घागर भरतें.

कायदे आहेत. महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्यें, म्हणजे केंद्र सरकारच्या १९७४ च्या कायद्यापूर्वींच केला, आणि त्याखालीं १९७० मध्यें मंडळ नेमलें. पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात, आंकडे प्रसिद्ध होतात. अलीकडच्या वर्षांत खामेचें पात्र साफ करून तिचे कांठ सुधारण्याचें कामहि झालें आहे, आणि तें पाहून समाधान वाटतें. फक्त एक विनंती करावीशी वाटते. नदी सुधारतांना तिचे कांठ जेथें जेथें सिमेंटानें बांधून काढले जातात, तेथें बिळें बुजतात; आणि बिळें बुजलीं कीं साक्षीदारच गांव सोडून जातो. कांहीं कांठ मातीचे आणि दगडगोट्यांचे राहूं द्यावेत.

पुढचें काम फार खर्चाचें नाहीं. खामेवर तीन-चार आणि सुखनेवर दोन-तीन जागा कायमच्या नेमाव्यात. डोंगराकडच्या, वस्तीच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या निर्मळ ओढ्याची जागा तुलनेसाठीं धरावी. वर्षांतून दोनदां, वैशाखांत पाणी आटलेलें असतां आणि पावसाळा संपल्यावर मार्गशीर्षांत, प्रत्येक ठिकाणाहून सारख्या आकाराचे, कठीण कवचाचे दहा-बारा नर खेंकडे घ्यावेत. माद्या घेऊं नयेत. त्यांच्या अंड्यांनीं हिशोब बिघडतो, आणि पुढच्या पिढीचेंहि नुकसान होतें. यकृताग्निपिंडाचे दोन भाग करावेत. एकांत मेटॅलोथायोनीन मोजावें, दुसऱ्यांत कॅडमियम, शिसें, तांबें आणि जस्त. स्नायूंतील एकूण प्रथिन लौरींच्या जुन्या रीतीनेंच काढावें, म्हणजे पूर्वींच्या आंकड्यांशीं तें ताडून पाहतां येईल. विद्यापीठाच्या प्रत्येक वर्षींच्या दोन विद्यार्थ्यांकडे ही वही सोंपविली आणि ती वीस वर्षें खंड न पाडतां चालू ठेविली, तर नाथसागराकडे जाणाऱ्या पाण्यांत कोणत्या सालीं, कोणत्या जागेखालीं आणि कोणता धातु वाढला, हें त्या वहींतून दाखवितां येईल.